क्रिएटिनिन १.१ आणि ४२ किलो वजनाच्या आजी: मूत्रपिंडविकारातील औषधप्रशिक्षणाचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात आमच्या वॉर्डात डायलिसिसवर असलेले एक काका उचक्यांनी हैराण होऊन दाखल झाले. उचक्या थांबाव्यात म्हणून बॅक्लोफेन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाची १० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा लिहिली गेली आणि त्यातल्या चार गोळ्या मी स्वतःच्या हाताने दिल्या. रुग्ण योग्य, औषध योग्य, डोस योग्य, मार्ग योग्य, वेळ योग्य ही परिचर्येतली पाचही तत्त्वे मी प्रत्येक वेळी पाळली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना हाक मारली तर डोळे उघडेनात, आणि उघडले तेव्हा शब्द जड येत होते. पक्षाघाताचा संशय आला, मेंदूचा सीटी स्कॅन झाला, त्यात काही निघाले नाही. अखेर मूत्रपिंडतज्ज्ञांनी औषधांचा कागद पाहिला, गोळी बंद केली आणि डायलिसिस लवकर लावून घेतले. दुसऱ्या डायलिसिसनंतर काकांनी स्वतः चहा मागितला. बॅक्लोफेन मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते, आणि ज्याची लघवीच जवळजवळ बंद आहे त्याच्या शरीरात ते साठत जाऊन मेंदूला गुंगी आणते, ही गोष्ट माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीत मला कोणीही शिकवलेली नव्हती. त्या प्रसंगानंतर मी मूत्रपिंडविकारातील औषधसुरक्षेचे प्रशिक्षण कुठे मिळते याचा शोध घेतला आणि पुण्यात भरलेल्या एका दोन दिवसांच्या वर्गाला स्वखर्चाने जाऊन आले. हे त्या वर्गाचे परीक्षण आहे.

वर्ग भरवणाऱ्या खासगी संस्थेचे नाव इथे देत नाही, कारण अशाच आखणीचे वर्ग आता अनेक ठिकाणी भरतात आणि ते निवडताना आत काय शिकवले जाते हेच पाहायला हवे. शुल्क ३,२०० रुपये होते. आम्ही चाळीसच्या आसपास होतो. बहुतेक परिचारिका, काही रुग्णालयातील औषधनिर्माते, डायलिसिस तंत्रज्ञ आणि प्रयोगशाळेत काम करणारे दोघे. पहिला दिवस औषधांचा आणि दुसरा बायोमार्करचा, म्हणजे रक्तात किंवा लघवीत मोजता येणाऱ्या आणि मूत्रपिंडाची अवस्था सांगणाऱ्या खुणांचा होता. जेवण, बैठकव्यवस्था, प्रमाणपत्र हे सगळे ठीक होते.

पहिल्या दिवसाची सुरुवात जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ सालच्या मोहिमेच्या उल्लेखाने झाली. औषधांमुळे होणारी गंभीर आणि टाळता येण्यासारखी इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्या मोहिमेने जगासमोर ठेवले होते. २०२४ च्या जागतिक मूत्रपिंड दिनाच्या घोषवाक्यातही औषधांच्या सुयोग्य वापराचा उल्लेख होता, हेही सांगितले गेले. प्रस्तावना दहा मिनिटांत आटोपली आणि क्लिनिकल फार्मसिस्ट असलेल्या प्रशिक्षक ताईंनी फळ्यावर एकच ओळ लिहिली: वय ७२, स्त्री, वजन ४२ किलो, उंची १४८ सेंटिमीटर, क्रिएटिनिन १.१. छातीच्या संसर्गासाठी लिव्होफ्लॉक्सासिन ७५० मिलिग्रॅम रोज लिहिले आहे. द्याल का?

चाळीसपैकी तीसेक हात लगेच वर गेले. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून तयार होणारा आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ; रक्तात तो वाढला की मूत्रपिंड कमी गाळत आहे असे समजतात. १.१ हा आकडा आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांना ओळखीचा आणि निर्धोक होता, कारण रिपोर्टवर त्याच्यापुढे तारांकन येत नाही आणि तो ठळक अक्षरातही छापला जात नाही. मग ताईंनी आमच्याकडून तीन गणिते करून घेतली. आधी २०२१ सालच्या सीकेडी-ईपीआय सूत्राने ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज काढला, तो ५३ आला. लिव्होफ्लॉक्सासिनच्या माहितीपत्रकात क्रिएटिनिन क्लिअरन्स (गाळण्याच्या क्षमतेचेच दुसरे माप) ५० किंवा त्याहून अधिक असेल तर ७५० चा डोस रोज देता येतो, म्हणजे हात वर करणारे बरोबर ठरत होते. मग कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांच्या १९७६ सालच्या सूत्राने तेच गणित केले: १४० मधून वय वजा करायचे, वजनाने गुणायचे, ७२ आणि क्रिएटिनिन यांच्या गुणाकाराने भागायचे आणि स्त्री असल्यास ०.८५ ने गुणायचे. उत्तर ३१ आले. आता तोच डोस एक दिवसाआड द्यायला हवा होता, कारण २० ते ४९ या पट्ट्यात ७५० मिलिग्रॅम ४८ तासांनी द्यायचे असते.

एकाच बाईची दोन उत्तरे का, यावरची चर्चा हा पहिल्या दिवसाचा सर्वांत समृद्ध भाग होता. प्रयोगशाळा रिपोर्टवर जो ईजीएफआर छापते तो १.७३ चौरस मीटर इतक्या ठरावीक शरीरपृष्ठासाठी असतो. आमच्या आजींचे शरीरपृष्ठ जेमतेम १.३१ चौरस मीटर होते. त्या प्रमाणात ५३ चा आकडा खाली आणला की तो ४१ होतो आणि पुन्हा एक दिवसाआडच्या पट्ट्यात जाऊन बसतो. देहयष्टी फारच लहान किंवा फारच मोठी असेल तर औषधाचा डोस ठरवताना असा आकडा वापरावा, हे केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. आमच्याकडे दाखल होणाऱ्या निम्म्याअधिक म्हाताऱ्या बायका या आजींसारख्याच असतात, हाडांवर कातडी आणि वजन चाळिशीच्या घरात. त्यांचा स्नायूंचा साठा इतका थोडा असतो की क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते, त्यामुळे मूत्रपिंड थकलेले असले तरी आकडा सभ्य दिसतो. ही गोष्ट मला पुस्तकातून वाचून ठाऊक होती, पण कागदावर स्वतः भागाकार करून ५३ चे ३१ होताना पाहिले तेव्हा ती खऱ्या अर्थाने कळली. ताईंनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचे सूत्र २४९ पुरुषांच्या नोंदींवरून बसवलेले आहे आणि स्त्रियांसाठीचा ०.८५ हा गुणक त्यात अंदाजाने घातलेला आहे, त्यामुळे ३१ हेही अंतिम सत्य मानू नये. डोस ठरवण्यासाठी आकडा लागतोच, पण तो आकडा कुठून आला हे माहीत असणाऱ्यालाच त्यावर किती विसंबायचे ते कळते.

त्यानंतर औषधांची उजळणी झाली. ती नुसती यादी वाचून केली नाही, प्रत्येक औषध आमच्या ट्रॉलीवर कोणत्या रूपात येते तिथून सुरुवात झाली. मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर बंद करायचे आणि ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करायचे नाही. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिनचा डोस कमी केला नाही तर रुग्ण झोपाळतो, तोल जाऊन पडतो, आणि नातेवाईक म्हणतात, वयामुळे झाले. सेफेपाइम या अँटिबायोटिकने संभ्रम आणि स्नायूंचे झटके येऊ शकतात. मॉर्फिनचे विघटन होऊन तयार होणारे घटक मूत्रपिंडातून बाहेर पडतात, म्हणून ते साठून श्वास मंदावतो. रक्त गोठू न देणारे एनॉक्सापॅरिन क्लिअरन्स ३० च्या खाली गेल्यावर दिवसातून दोनदाऐवजी एकदा द्यायचे असते. इन्सुलिनचे उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटले. शरीरातले इन्सुलिन मोडण्याचे बरेचसे काम मूत्रपिंड करते, म्हणून मूत्रपिंड निकामी होत जाते तसा मधुमेही माणसाचा इन्सुलिनचा डोस कमी लागतो. घरच्यांना वाटते साखर बरी होत आहे, आणि मध्यरात्री रुग्ण घामाने डबडबून बेशुद्ध होतो. आमच्या वॉर्डात असे होऊन गेलेले आहे.

डायलिसिसच्या रुग्णांसाठी डोसची वेळ हा स्वतंत्र तास होता आणि तो तंत्रज्ञांसाठी जितका उपयोगी तितकाच आम्हा परिचारिकांसाठी. व्हॅन्कोमायसिन, ॲमिकासिन यांसारखी अँटिबायोटिक औषधे डायलिसिसमध्ये कमी-अधिक प्रमाणात निघून जातात, म्हणून ती बहुधा डायलिसिस संपल्यावर द्यायची असतात. रक्तदाबावरच्या औषधांपैकी अटेनोलॉल निघून जाते, अम्लोडिपिन जात नाही. सकाळी आठच्या गोळ्या आठला द्यायच्याच, या आमच्या शिस्तीमुळे नऊला डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला दिलेले औषध बारा वाजेपर्यंत यंत्रातून वाहून गेलेले असते. केस पेपरवर मात्र ‘दिले’ अशी सही असते.

पोटॅशियम क्लोराइडबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. आपल्याकडे त्याच्या १० मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते न मिसळता थेट शिरेत गेले तर हृदय थांबते, हे प्रत्येक सिस्टरला पाठ असते. तरीही बहुतेक वॉर्डांत ते ॲम्प्यूल बाकीच्या पारदर्शक ॲम्प्यूलच्याच खणात ठेवलेले असते. प्रशिक्षकांनी पाच वेगवेगळ्या औषधांची रिकामी ॲम्प्यूल टेबलावर ठेवली, खोलीतले अर्धे दिवे मालवले आणि आम्हाला दहा सेकंदांत पोटॅशियमचे ॲम्प्यूल उचलायला सांगितले. रात्रपाळीत आम्ही ज्या उजेडात काम करतो तसाच तो उजेड होता. माझ्या शेजारच्या, माझ्याहून अनुभवी सिस्टरांनी चुकीचे उचलले आणि त्या बराच वेळ ते हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. इतर कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या दहा सेकंदांनी जास्त शिकवले. परत आल्यावर आठवड्याच्या आत आमच्या वॉर्डातले पोटॅशियम कुलपाच्या कपाटात, लाल पट्टी लावलेल्या डब्यात गेले.

दुखण्याच्या गोळ्यांवरचा भाग मात्र घाईत उरकला गेला, याची खंत वाटते. आमच्या भागातल्या रुग्णांच्या मूत्रपिंडाची खरी हानी वॉर्डात येण्याआधीच होते. गुडघेदुखी, कंबरदुखी, अंगदुखी यांसाठी दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे चहाबरोबर घेतल्या जातात आणि ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाचे उत्तर देताना कोणी त्यांचे नाव घेत नाही, कारण त्या गोळीला ते औषध मानतच नाहीत. ‘अंग दुखल्यावर काय घेता?’ असा वेगळा प्रश्न विचारावा लागतो. तो कसा विचारायचा, घरातून गोळ्यांची पिशवी कशी आणायला सांगायची, रिकाम्या पट्ट्या कशा ओळखायच्या, यावर अर्धा तास तरी द्यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जैवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी पहिल्याच चित्रात कालच्याच आजी परत आणल्या. फळ्यावर कालचीच ओळ होती, फक्त तिच्याखाली एक नवी ओळ होती: तीन दिवसांपूर्वीचे क्रिएटिनिन ०.६.

खोलीत शांतता पसरली. ०.६ आणि १.१ हे दोन्ही आकडे प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेतच बसत होते, पण तीन दिवसांत क्रिएटिनिन १.८ पट झाले होते. सात दिवसांत दीडपट किंवा ४८ तासांत ०.३ ने वाढ झाली की त्याला मूत्रपिंडाची तीव्र इजा म्हणतात, ही २०१२ पासूनची केडिगोची व्याख्या आहे. म्हणजे आदल्या दिवशी आम्ही ज्यांना ‘नॉर्मल क्रिएटिनिन’च्या आजी समजून गणिते केली त्यांचे मूत्रपिंड त्याच क्षणी बंद पडू लागले होते. याहून मोठी गोष्ट पुढे आली. ५३ असो, ४१ असो की ३१, ही तिन्ही उत्तरे क्रिएटिनिन स्थिर असल्याचे गृहीत धरूनच काढता येतात. क्रिएटिनिन चढत असताना रक्तातला आकडा मूत्रपिंडाच्या मागून धावत असतो. त्या क्षणी गाळण्याचे काम जवळजवळ थांबलेले असले तरी रक्तात क्रिएटिनिन साचायला एक-दोन दिवस लागतात. त्यामुळे आजींची खरी क्षमता ३१ हूनही बरीच कमी असू शकत होती आणि कालचे कोणतेच सूत्र त्यांना लागू नव्हते.

मग प्राध्यापकांनी लघवीच्या पिशवीचे छायाचित्र दाखवले. सहा तासांत ११० मिलिलिटर. ४२ किलो वजनाला तासाला किलोमागे अर्धा मिलिलिटर या हिशेबाने सहा तासांत किमान १२६ मिलिलिटर लघवी व्हायला हवी. ही खूण शोधायला महागडी चाचणी लागत नाही. पलंगाला अडकवलेली पिशवी, वजनकाटा आणि घड्याळ इतके पुरते. आमच्याकडे इन्टेक-आउटपुटचा तक्ता भरला जातो, पण पाळी संपताना, अंदाजाने, आणि बहुतेक वेळा गोल आकड्यांत. तिन्ही पाळ्यांत ‘३००, ३००, ३००’ लिहिलेले तक्ते मी पाहिले आहेत आणि सुरुवातीच्या वर्षांत स्वतः भरलेही आहेत. लघवीचे मोजमाप हाही एक बायोमार्करच आहे, आणि तो खोटा भरला तर डॉक्टरांसमोर खोटा रक्तरिपोर्ट ठेवल्यासारखेच आहे, हे प्राध्यापकांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले.

क्रिएटिनिनच्या मर्यादांवरचे त्यांचे विवेचन उत्तम होते. मॅक्स याफे यांनी १८८६ साली वर्णन केलेल्या पिक्रेटच्या रंगप्रक्रियेवर आधारलेली पद्धत आजही अनेक प्रयोगशाळांत वापरली जाते. रक्तात कीटोन वाढलेले असतील किंवा काही सेफॅलोस्पोरिन औषधे चालू असतील तर त्या पद्धतीत आकडा खोटा वाढतो, आणि कावीळ असेल तर तो खोटा कमीही येऊ शकतो. एन्झाइमवर आधारलेली पद्धत याबाबतीत अधिक विश्वासार्ह आहे. कोट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकमधला ट्रायमेथोप्रिम हा घटक मूत्रनलिकेतून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याचा मार्ग अडवतो, त्यामुळे मूत्रपिंडाला काहीही न होता क्रिएटिनिन वाढते. याहून वेगळे उदाहरण रक्तदाबावरच्या टेल्मिसार्टन गटातल्या गोळ्यांचे. त्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढले तरी ती गोळी बंद करायची नसते, कारण गाळणीवरचा दाब कमी झाल्यामुळे ती वाढ झालेली असते आणि दीर्घकाळात तीच गोळी मूत्रपिंड वाचवते. ‘क्रिएटिनिन वाढले, गोळी बंद करा’ असे रुग्णाला फोनवर सांगणारे आपल्यात किती आहेत, असे त्यांनी विचारले तेव्हा बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या.

सिस्टॅटिन-सी हा त्यानंतरचा विषय होता. शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी हे छोटे प्रथिन ठरावीक वेगाने तयार करतात, त्यामुळे स्नायू कमी असलेल्या माणसात ते क्रिएटिनिनपेक्षा खरे सांगते. आमच्या आजी, पाय कापावा लागलेला मधुमेही, लिव्हर सिऱ्होसिसचा रुग्ण, यांच्यासाठी दोन्ही चाचण्या एकत्र करून काढलेला ईजीएफआर अधिक भरवशाचा ठरतो. पण स्टेरॉइड चालू असेल, थायरॉइडचा विकार असेल, शरीरात दाह असेल किंवा रुग्ण लठ्ठ अथवा धूम्रपान करणारा असेल तर सिस्टॅटिनही फसवते. आमच्या तालुक्यातून ही चाचणी करायची तर नमुना बाहेर पाठवावा लागतो आणि रिपोर्ट येईपर्यंत अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस जाऊन चुकलेले असतात. यावर काय करायचे, असे मी विचारले. ‘शंका असेल आणि औषध धोक्याचे असेल तर नमुना पाठवा, पण डोससाठी रिपोर्टची वाट पाहू नका, लघवी आणि आधीचे क्रिएटिनिन पाहा,’ हे त्यांचे उत्तर सरळ आणि उपयोगी होते.

लघवीतील अल्ब्युमिन (गाळणी बिघडली की लघवीत उतरणारे रक्तातले प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांच्या गुणोत्तराला मात्र फक्त पंधरा मिनिटे मिळाली, आणि हा या वर्गाचा सर्वांत मोठा दोष आहे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णात मूत्रपिंडाची हानी क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी या चाचणीत दिसते. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर गेले की धोक्याची पहिली पायरी, ३०० च्या वर गेले की तीव्र. सकाळच्या पहिल्या लघवीचा थोडासा नमुना पुरतो. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा जड व्यायाम असताना केली तर ती चुकते, म्हणून तीन महिन्यांच्या अवधीत पुन्हा करून खात्री करायची असते. नमुना कधी आणि कसा घ्यायचा हे रुग्णाला सांगणारी व्यक्ती नव्वद टक्के वेळा डॉक्टर नसते, सिस्टर असते. तरीही या चाचणीवर ना प्रात्यक्षिक झाले, ना एकही उदाहरण दिले गेले.

वाचवलेला वेळ गेला नव्या बायोमार्करवर. विषय रंजक आहे यात शंका नाही. २००५ साली हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ बालकांच्या अभ्यासात एन्गॅल हे प्रथिन शस्त्रक्रियेनंतर दोन तासांतच वाढलेले दिसले, तर क्रिएटिनिन वाढायला एक ते तीन दिवस लागले. हृदयविकाराच्या झटक्यात जे काम ट्रोपोनिन करते ते मूत्रपिंडासाठी करणारी खूण सापडली, अशी तेव्हा आशा निर्माण झाली. पण एन्गॅल पांढऱ्या पेशींतूनही येते, त्यामुळे जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णात ते वाढले तर कशामुळे वाढले हे सांगणे अवघड जाते. मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या भागातील पेशींना इजा झाल्यावर लघवीत उतरणारे किम-१ हे प्रथिन मुख्यतः औषधसंशोधनात उपयोगी पडले. नवी औषधे प्राण्यांवर तपासताना मूत्रपिंडाची हानी ओळखण्यासाठी लघवीतल्या ज्या सात खुणांना २००८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली त्यांत ते आहे. टिम्प-२ आणि आयजीएफबीपी-७ या दोन प्रथिनांच्या गुणाकारावर आधारलेल्या नेफ्रोचेक चाचणीला तिथे २०१४ साली परवानगी मिळाली. हे सगळे दीड तास, रंगीत आलेखांसह, इंग्रजीतून चालले. खोलीतल्या चाळीसपैकी एकाच्याही रुग्णालयात यातली कोणतीही चाचणी रोजच्या कामात होत नव्हती. या माहितीतून एकच गोष्ट आम्हाला खरोखर हवी होती. गाळण्याचे काम कमी होणे आणि पेशींना इजा होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि क्रिएटिनिन फक्त पहिली दाखवते. ती वीस मिनिटांत सांगून उरलेला वेळ अल्ब्युमिनला आणि दुखण्याच्या गोळ्यांना द्यायला हवा होता.

भाषेबद्दलही बोलायला हवे. दोन्ही दिवसांच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या. सहभागींमध्ये जीएनएम ही परिचर्येची पदविका झालेल्या, जिल्ह्या-तालुक्यातून आलेल्या मुली बहुसंख्य होत्या. त्यांना इंग्रजी शब्द कळत नाहीत असे नाही, पण शंका मराठीत सुचतात. पहिल्या दिवशीच्या ताई मराठीत शिकवत होत्या तेव्हा प्रश्नांना अंत नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या इंग्रजी दीड तासात एकही हात वर आला नाही.

शेवटच्या सत्राने मात्र वर्गाची पत पुन्हा सावरली. विषय होता रात्री डॉक्टरांना फोन कसा करायचा. उदाहरण त्याच आजींचे, फक्त आता त्यांच्या कागदावर रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड यांची जोडगोळी होती, आणि गुडघे दुखतात म्हणून गरजेनुसार डायक्लोफेनॅकचे इंजेक्शनही लिहिलेले होते. ही तीन औषधे एकत्र आली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. एका सिस्टरने फोन केला: ‘सर, बेड ७ च्या आजींचे क्रिएटिनिन वाढले आहे.’ समोरून डॉक्टरांची भूमिका करणारे प्रशिक्षक म्हणाले, ‘किती?’ ‘१.१.’ ‘मग नॉर्मल आहे की. सकाळी बघू.’ फोन संपला. आमच्यातल्या प्रत्येकीने असा फोन केलेला आहे आणि असाच संपलेला ऐकलेला आहे.

मग त्याच सिस्टरने पुन्हा फोन केला: ‘सर, बेड ७ च्या आजी, वय ७२, वजन ४२ किलो. क्रिएटिनिन तीन दिवसांत ०.६ वरून १.१ झाले आहे. गेल्या सहा तासांत लघवी ११० मिली. टेल्मिसार्टन-एच चालू आहे, डायक्लोफेनॅक लिहिलेले आहे, लिव्होफ्लॉक्सासिनचा पुढचा डोस दहा वाजता आहे. डायक्लोफेनॅक मी दिलेले नाही. तुम्ही पाहून सांगेपर्यंत दहाचा डोस थांबवू का?’ या वेळी समोरून प्रश्न आले, आणि शेवटी ‘येतो’ असे उत्तर आले. दोन्ही फोन मिळून तीन मिनिटेही झाली नसतील. आम्ही जोड्या करून हे पाच-पाच वेळा केले. धीट नसलेल्या मुलींचा आवाज पाचव्या वेळेपर्यंत ठाम झालेला ऐकू येत होता. हाताशी नेमके आकडे असले की ज्येष्ठ डॉक्टरांना शंका विचारणे उद्धटपणाचे वाटत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही ती टाळता येत नाही.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद कुठे करायची, हेही याच सत्रात थोडक्यात सांगितले. २०१० पासून चालू असलेल्या भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे परिचारिका आणि औषधनिर्मातेही थेट नोंद करू शकतात, त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. बॅक्लोफेनच्या काकांची नोंद मी परतल्यावर केली.

वर्गाला जाऊन आता तीन महिने झाले. वॉर्डात दोन बदल टिकले आहेत. दाखल होताना प्रत्येक रुग्णाचे वजन काट्यावर घेतले जाते, अंदाजाने लिहिले जात नाही, आणि औषधतक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात आजचे व आधीचे क्रिएटिनिन शेजारीशेजारी लिहिले जाते. झोपून असलेल्या रुग्णाचे वजन कसे घ्यायचे, हा प्रश्न वर्गात कोणी हाताळला नाही आणि तो आमच्यापुढे अजून तसाच आहे. डायलिसिसला जाणाऱ्यांच्या गोळ्यांचे वेळापत्रक आमच्या औषधनिर्मात्यांनी मनावर घेऊन बदलून दिले. लघवीचा तक्ता तासातासाने भरणे मात्र अजून जमत नाही, कारण रात्री तीस रुग्णांमागे आम्ही दोघी असतो. ही अडचण कोणत्याही प्रशिक्षणाने सुटणारी नाही.

वॉर्डात किंवा अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या सिस्टरांनी, रुग्णालयातील औषधनिर्मात्यांनी आणि डायलिसिस तंत्रज्ञांनी हा किंवा अशा आखणीचा वर्ग जरूर करावा. पहिला दिवस आणि शेवटचे सत्र यांनीच शुल्क वसूल होते. नुसत्या बायोमार्करसाठी जाणाऱ्या प्रयोगशाळेतील मंडळींची निराशा होईल, कारण त्यांच्यासाठी माहिती वरवरची आहे आणि आमच्यासाठी तीच अति आहे. औषधांच्या दुकानात बसणाऱ्या औषधनिर्मात्यांना आणि आशाताईंना या वर्गात बोलावलेले नव्हते. डायक्लोफेनॅकची पट्टी हातात पडण्याच्या क्षणी रुग्णासमोर तेच असतात, म्हणून त्यांच्यासाठी याच विषयाचा मराठीतला एक दिवसाचा वर्ग संस्थेने काढावा, असे मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून आले आहे.

आमच्या वॉर्डातल्या दोघी पुढच्या तुकडीला जात आहेत. त्यांना मी सांगितले आहे की वहीपेक्षा आपल्याच एखाद्या रुग्णाचा, नाव झाकलेला, औषधतक्ता आणि त्याचे मागचे तीन रिपोर्ट बरोबर न्या, आणि पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाआधीच ताईंच्या समोर ठेवा.